बाभळीवरचे चालते काटे

बाभळीचे काटे जोडीने येतात. पानाच्या बुडाशी दोन, पांढुरके, सरळ, टोकदार. बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळच्या माळावर किंवा इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या गवताळ रानात बाभळीची एखादी कोवळी फांदी वाकवून जवळून पाहा. मधेच एखादा असा काटा दिसतो, ज्याला जोडीदार नाही. रंग करडा-तपकिरी, टोक मागे झुकलेलं. त्याच्याकडे बोट नेलं, की काटा फांदीच्या पलीकडच्या अंगाला सरकतो. आपण पलीकडे डोकावलो, की तो अलीकडे येतो. अजून चिकाटीने मागे लागलात तर तो जागेवरून नाहीसाच होतो. गेला कधी, हे डोळ्याला कळत नाही.

डोळ्याला कळणं शक्यही नाही. हा काटा म्हणजे खरं तर एक किडा आहे. केंब्रिज विद्यापीठातले माल्कम बरोज यांनी त्याच्या कुळातल्या आठ जातींच्या उड्या अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपल्या. मागचे पाय आवळून धरायचे आणि एकदम सोडायचे, अशी ही उडी. जमिनीपासून पाय सुटायला लागणारा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो आणि उत्तम उडीत सुटतानाचा वेग सेकंदाला 2.7 मीटर भरतो. त्यांनी तपासलेले हे किडे लांबीला 4 ते 8 मिलिमीटर होते.

बाभळीवरच्या या किड्याचं शास्त्रीय नाव ऑक्सिराकिस टॅरँडस. लिनियस यांचे शिष्य फाब्रिसियस यांनी 1798 मध्ये त्याचं वर्णन केलं. ट्रीहॉपर म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या मेंब्रासिडी या कुळातला हा किडा. शेतकी पुस्तकांत तो ‘काऊ बग’ म्हणून येतो, कारण खांद्यांवर दोन शिंगं असतात. आपल्या शेतकऱ्यांना तुडतुडे चांगले ठाऊक आहेत, कपाशीवरचे आणि आंब्याच्या मोहोरावरचे. हे त्यांचेच भाऊबंद. जनुकांच्या आधारे मांडलेल्या वंशावळीत तर हे शिंगवाले तुडतुड्यांच्याच एका फांदीतून फुटलेले दिसतात. म्हणून इथे मी त्यांना शिंगवाले तुडतुडेच म्हणतो.

त्यांना पाहायचं तर बारामती-इंदापूरचा कोरडा भाग गाठायला हवा. या दोन्ही तालुक्यांना दोन चेहरे आहेत. भाटघर धरणाच्या पाण्यावर 1885 मध्ये नीरा डावा कालवा वाहता झाला आणि त्याच्या काठाने ऊस उभा राहिला. पुढे साखर कारखाने आले, द्राक्षं आणि डाळिंब आली. पण कालव्याचं पाणी जिथे पोहोचत नाही तिथला जिराईत पट्टा आजही सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला माळ आहे. वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाली मुरूम, वर कुसळी गवत आणि त्यात विखुरलेल्या बाभळी, हिवर, बोरी. सुप्याजवळ 1997 मध्ये जाहीर झालेलं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, पण चिंकारा पाहायला लोक तिथे लांबून येतात. वनविभागाने शिर्सुफळ आणि कडबनवाडीला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केल्यापासून लांडगा दिसेल या आशेने दुर्बिणी क्षितिजावर रोखल्या जातात. ते योग्यच आहे. फक्त गाडी ज्या बाभळीच्या सावलीला थांबते, तिच्या शेंड्याकडेही पाहावं, एवढं मला मनापासून सांगायचं आहे.

बाभळीला इथे कुणी परकं मानत नाही. तिच्या लाकडाचे नांगर आणि गाडीची चाकं झाली, काट्यांची कुंपणं झाली, डिंक झाला. आकडीने फांदी ओढून धनगर शेळ्यामेंढ्यांना पाला आणि शेंगा पाडून देतात. इतक्या वापरातल्या झाडावर राहूनही हा किडा बहुतेकांच्या नजरेतून सुटला आहे. काट्यासारखं दिसण्याचा हेतू असेल तर तो पुरेपूर साधला आहे.

पण हेतू खरोखर एवढाच आहे का? या प्रश्नाचा माग काढत गेलं, की हा किडा अधिकच थक्क करतो.

कुठल्याही कीटकाच्या छातीचे तीन खंड असतात. पहिल्या खंडाच्या पाठीवरच्या कवचाला प्रोनोटम म्हणतात. झुरळात ती डोक्यावर आलेली साधी ढाल असते, भुंगेऱ्यात गुळगुळीत पाठ. शिंगवाल्या तुडतुड्यांमध्ये मात्र हे कवच वाढत सुटतं. ऑक्सिराकिसमध्ये ते खांद्यांवर दोन शिंगं काढतं आणि मागे एक लांब काटा होऊन सगळ्या पोटावरून जातं. आपल्याकडचाच दुसरा, लेप्टोसेंट्रस टॉरस, हा फाब्रिसियस यांनी 1775 मध्ये नोंदवलेला. त्याची शिंगं बाहेर वळून मागे झुकतात, त्यात बैलाचा डौल आहे. आणि मागचा काटा पाठीपासून सुटून कमानीने खाली पंखांवर येतो. अमेरिकेच्या उष्ण जंगलांत तर या कवचाने सगळी मर्यादा सोडली आहे. ब्राझीलमधल्या बोसिडियमच्या डोक्यावर एक दांडी उभी राहते आणि तिच्यावर केसाळ गोळे फुटतात. कुणी पानाचा तुकडा होऊन बसतो, कुणी गुलाबाचा काटा, कुणी मुंगीचा पाठमोरा आकार. जगात या कुळाच्या 3000 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि वेगळेपण बहुतांशी या एका कवचात आहे. खालचा किडा काढून ठेवला तर पुष्कळसा सारखाच.

जॉर्ज बकटन यांनी 1903 मध्ये या कुळावरचा मोठा सचित्र ग्रंथ पूर्ण केला, तेव्हा एवढ्या आकारांचा अर्थ काय, यावर ऑक्सफर्डचे एडवर्ड पोल्टन यांच्याकडून त्यात स्वतंत्र लेख घेतला. पोल्टन यांचा भर नक्कल आणि लपण्यावर होता. काट्यासारख्या दिसणाऱ्यांना तो अर्थ चपखल बसतो. बोसिडियमच्या गोळ्यांना कसा बसवायचा, हा पेच मात्र राहिला. आपल्या देशातल्या जातींची शिस्तवार मांडणी पुढे के. अनंतसुब्रमणियन यांनी केली. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने 1996 मध्ये प्रसिद्ध केलेला त्यांचा खंड आजही या विषयाची पहिली पायरी आहे.

आकार कशासाठी, या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न उभा राहतो. तो आला कुठून? 2011 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात खळबळजनक दावा केला. त्यांच्या मते हे वाढलेलं कवच, म्हणजेच शिरस्त्राण, ही पंखांची तिसरी जोडी होती. आजच्या कीटकांत पंख असतील तर ते छातीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या खंडालाच असतात. पहिल्या खंडावर पंख फुटू न देणारी जनुकीय बंदी कोट्यवधी वर्षं टिकून आहे. ती इथे मोडली गेली, असं त्यांचं म्हणणं. दावा मोठा होता, त्यामुळे तपासणीही कडक झाली. पुढच्याच वर्षी शरीररचना बारकाईने पाहणाऱ्यांनी दाखवलं, की हे कवच पंखाप्रमाणे सांध्यावर बसलेलंच नाही. ती पाठच वाढलेली आहे. मग पहिल्या अभ्यासात पंखांची जनुकं तिथे सापडली होती, ती कशी? त्याचं उत्तर 2020 मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातल्या सेरा फिशर, एलिझाबेथ जॉकुश आणि सहकाऱ्यांनी दिलं. त्यांनी शिंगवाल्या तुडतुड्याच्या आणि साध्या तुडतुड्याच्या शरीरभागांत कोणती जनुकं जागी आहेत, याची तुलना केली. साध्या तुडतुड्याची पाठ पाठीसारखीच वागत होती. शिंगवाल्याच्या पाठीत मात्र पंख घडवणाऱ्या जनुकांचा संच कामाला लागला होता. अवयव पंखाचा नव्हे, पण तो घडवण्याची रीत पंखाकडून उसनी आणलेली.

मला या निष्कर्षात पहिल्या दाव्याहून अधिक विस्मय दिसतो. नवं काही निर्माण करायला जीवसृष्टीने नवी सामग्री शोधली नाही. हाताशी असलेलं कसब दुसऱ्या जागी लावलं आणि त्यातून हजारो आकार निघाले.

हे आकार पिल्लांमध्ये जवळजवळ नसतातच. पिल्लू पाच वेळा कात टाकतं. शेवटच्या कातेआधी, जुन्या कवचाच्या आत, प्रौढाचं शिरस्त्राण घड्यांवर घड्या घालून तयार असतं. कात फाटते, किडा बाहेर येतो, शरीरातला द्रव त्या घड्यांत भरतो आणि शिंगं उघडत जातात. नंतर कवच कडक झालं, की त्यात आता बदल नाही. लवचीक कातडीवर घडी पडताना कुठे किती दुमड ठेवायची, याचा हिशेब आधीच चुकता केलेला असतो.

पिल्लं शिंगांशिवाय असल्यामुळे निराधार आहेत असं मात्र नाही. त्यांच्याकडे मुंगळे आहेत.

बाभळीच्या खोडावरून काळ्या मुंगळ्यांची ये-जा दिसली, तर तिचा माग वर शेंड्यापर्यंत काढा. बहुतेक वेळा ती कोवळ्या डहाळीवर बसलेल्या पिल्लांच्या घोळक्यापाशी संपते. शिंगवाले तुडतुडे सोंड खुपसून झाडाचा अन्नरस पितात. या रसात साखर भरपूर आणि प्रथिनांना लागणारी अमिनो आम्लं फारच थोडी. शरीराला पुरेल इतकं मिळवायचं तर रस खूप प्यावा लागतो आणि उरलेलं गोड पाणी बाहेर टाकावं लागतं. हाच तो मधुरस, ज्याच्यासाठी मुंगळे येतात. मुंगळा मिशांनी पिल्लाच्या पाठीवर हळूहळू थापटतो. पिल्लू पोटाचं टोक, जे नळीसारखं लांब करता येतं, वर उचलतं आणि त्यावर एक थेंब धरतं. मुंगळा तो पिऊन पुढच्याकडे वळतो. थेंब पिल्लाच्या अंगावर वा फांदीवर साचला असता, तर काळी बुरशी चढली असती. म्हणजे मुंगळे जेवण घेतात आणि घर स्वच्छ ठेवतात. शिवाय कोळी, ढालकिड्यांच्या अळ्या, परजीवी माश्या जवळ आल्या, तर त्यांना हुसकावतात. आपलं बोट फांदीला लागलं, तर आपल्यालाही चावतात, याची तयारी ठेवावी.

आणि अमिनो आम्लांची तूट? ती भरून काढणारे शरीराच्या आतच राहतात. या कुळातल्या किड्यांच्या पोटात खास पेशींमध्ये सल्शिया नावाचे जिवाणू असतात. रसात नसलेली काही आवश्यक अमिनो आम्लं ते तयार करून देतात. या जिवाणूंची आणि तुडतुडे-सिकाडांच्या पूर्वजांची सोबत 26 कोटी वर्षांहून जुनी मानली जाते. डायनोसॉर अजून यायचे होते, तेव्हापासूनची. जिवाणू आईकडून अंड्यात आणि अंड्यातून पिल्लात जातात. इतक्या दीर्घ सहवासात त्यांनी स्वतंत्र जगायला लागणारी जनुकं गमावली आणि त्यांचा जनुकसंच अडीच लाखांच्या आसपास अक्षरांपर्यंत आकसला. आपल्या आतड्यातल्या एका साध्या जिवाणूचा तो 46 लाख अक्षरांचा असतो. बाभळीच्या डहाळीवर एक घोळका दिसतो तेव्हा तिथे झाड, किडा, जिवाणू आणि मुंगळा असे चौघे एकाच रसावर जगत असतात.

आता या घोळक्यातला संवाद. आपल्या कानाला ती फांदी पूर्ण गप्प वाटते. वस्तुस्थिती उलटी आहे. शिंगवाले तुडतुडे पोट थरथरवतात आणि तो कंप पायांतून फांदीत उतरतो. हवेतून तो जात नाही, लाकडातून धावतो आणि दुसरा किडा तो पायांनी ऐकतो. संशोधक अतिसूक्ष्म कंप टिपणारी यंत्रं फांदीला लावतात आणि तो कंप ध्वनीत बदलून ऐकतात. तेव्हा ऐकू येतात चढत्या सुरातल्या हाका, घुमे, टकटक आणि लांबलेली कुरकुर. अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठाचे रेक्स कॉक्रॉफ्ट यांनी यातलं खूप काही उलगडलं. पनामातल्या एका जातीत नवा कोवळा शेंडा सापडलेलं पिल्लू कंपाने हाक देतं, बाकीची भावंडं त्यात सूर मिसळतात आणि सगळा घोळका त्या दिशेने चालू लागतो. काट्याच्या आकाराच्या अंबोनिया या प्रजातीतल्या एका जातीत आई पिल्लांची राखण करते. गांधीलमाशी उतरली, की पिल्लं एकामागोमाग एक कंप देतात आणि ते मिळून एक मोठी लाट होते. आई धावत येते, पंख फडफडवते आणि पायांनी शत्रूला लाथाडते. नर-मादीचं जुळणंही याच वाटेने होतं. नर हाक देतो आणि थांबतो. मादीला तो पसंत पडला, तर तिचं उत्तर त्या थांबण्यात येतं. मग तो पुढे सरकतो, पुन्हा हाक देतो. उत्तर येत राहिलं, तर तो तिला गाठतो. उत्तर अमेरिकेतल्या एका गटात तर वेगवेगळ्या झाडांवर राहणाऱ्या नरांच्या हाकांची पट्टीच वेगळी झाली आहे. मादी आपल्या झाडाची पट्टी ओळखते, म्हणून एकमेकांजवळ वाढूनही त्यांच्या जाती मिसळत नाहीत.

मग शिंगांचं काम पुन्हा डोळ्यासमोर येतं. ऐकणं पायांनी, पळणं पायांनी, लपणं रंगाने. एवढं अवजड डोक्यावर वागवायचं कशाला? शिरस्त्राणावर बारीक संवेदी रोम असतात, हे पूर्वीपासून माहीत होतं. 2025 मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांच्या गटाने सॅम इंग्लंड यांच्या पुढाकाराने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्यातला एक पेच सोडवायला हात घातला. हिवाळ्यात कोरड्या हवेत स्वेटर काढताना चटचट होतं, तीच स्थिर वीज उडणाऱ्या माश्यांच्या अंगावरही साचते. या संशोधकांनी दाखवलं, की शिंगवाले तुडतुडे स्थिर विजेचं क्षेत्र ओळखतात आणि त्यापासून दूर सरकतात. शिवाय गणिती प्रतिकृतींवरून असं दिसलं, की टोकदार, वेडेवाकडे, पुढे निघालेले आकार विजेचं क्षेत्र आपल्या टोकांपाशी तीव्र करतात, म्हणजे येणारी गांधीलमाशी थोडी आधी जाणवते. टोकाशी विद्युत क्षेत्र एकवटतं, हे शाळेतल्या विज्ञानातल्या तडितरक्षकाचंच तत्त्व. पोल्टन यांना न सुटलेल्या गोळ्यांना आणि शिंगांना इथे एक संभाव्य कारण सापडतं. मला वाटतं, आकार एका हेतूने घडला असं समजणंच चूक होतं. काटा, ढाल आणि विजेची चाहूल ही तिन्ही कामं एकाच कवचाने केली, तर त्यात काही विरोध नाही.

बारामती-इंदापूरच्या तुरीच्या शेतातही या शिंगवाल्यांचा एक भाऊबंद असतो. ओटिनोटस ओनेरेटस हा तुरीच्या कोवळ्या शेंड्यांवर रस पितो. मादी खाच पाडून अंडी घालते, तिथे खोडावर खरबरीत गाठ उठते. तुरीच्या किडींच्या यादीत तो शेंग पोखरणाऱ्या अळीच्या खूप खाली आहे. एखाद-दुसऱ्या झाडावर शिंगवाले दिसले, म्हणून फवारणी करू नये, असं माझं ठाम मत आहे. फवाऱ्याने त्यांच्याआधी ढालकिडे जातात, आणि ढालकिडे मावा खातात. बाभळीवर तर हात उचलायचं कारणच नाही.

पाहायचं असेल, तर पावसाळ्यानंतर बाभळीला नवा पाला फुटलेला असताना, कालव्यापासून दूरच्या माळावर जा. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे. आधी खोडावरचे मुंगळे, मग डहाळी, मग एकटा काटा, या क्रमाने शोधा. ऐकायचं असेल, तर वारा पडलेली सकाळ निवडा. वाद्याला चिकटवतात तो लहान पिएझो पिकअप डहाळीला घट्ट बांधा, त्याची तार रेकॉर्डरला जोडा आणि फांदीला हात लावू नका. सुरुवातीला मुंगळ्यांच्या पायांची खडखडच ऐकू येईल, ती ओळखू आली की बाकीचं वेगळं करता येतं. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत झाड, तारीख, वेळ आणि हवेचं तापमान लिहून ठेवा, कारण या किड्यांमध्ये तापमान वाढलं की हाकांची पट्टीही चढते.